अनुदान आहे, अर्जदार तेच ते

वाचकाचं पत्र

मी यवतमाळ जिल्ह्यात एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेल्या निधीवर चालणाऱ्या संस्थेत कार्यक्रम अधिकारी आहे. लहान शेतकऱ्यांना आणि घरगुती खाद्यपदार्थ करून विकणाऱ्या महिलांना यंत्रं, अवजारं, साठवणूक यासाठी एक लाखापर्यंत अनुदान द्यायचं, अशी आमची योजना. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, ऑनलाइन अर्ज ठेवला. अर्ज आले ते बहुतेक तालुक्याच्या गावचे, आणि कित्येकांत तीच ती वाक्यं. म्हणजे लिहून देणारा एकच. पोडावरची म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतली, बटईने (वाट्याने) शेती करणारी, पापड-शेवयांवर घर चालवणारी माणसं यादीत नाहीतच. विश्वस्त म्हणतात, जनजागृती कमी पडली, पुन्हा जाहिरात द्या. पैसे बुडू नयेत म्हणून त्यांनी सातबारा, तीन कोटेशन, प्रकल्प अहवाल आणि ‘आधी खर्च, मग परतावा’ अशा अटी घातल्या आहेत. वर सगळा निधी ३१ मार्चच्या आत संपवायचा आहे. काय करू?

— एक कार्यक्रम अधिकारी

उत्तर

ताई, नमस्कार.

गावात माहिती पोचत नाही, ही समजूत कार्यालयांत फार पक्की असते. हातोहाती मोबाइल आल्यापासून तरी ती खरी राहिलेली नाही. कुठल्याशा संस्थेचे पैसे आलेत, हे पोडावरच्या बाईच्याही कानावर गेलेलं असतं. तिने मनातल्या मनात हिशेब केला, त्यात तुमचं अनुदान तोट्याचं निघालं आणि तिने तो विषय सोडला. अर्ज न करणं हा तिचा निर्णय आहे, आणि बहुतेक वेळा तो शहाणपणाचाच असतो.

तो हिशेब विश्वस्तांसमोर तिच्या बाजूने मांडा. समजा, ८० हजारांचं यंत्र आहे आणि तुम्ही ७५ टक्के, म्हणजे ६० हजार देणार. पण ‘आधी खर्च, मग परतावा’ म्हटलं की तिला आधी पूर्ण ८० हजार उभे करायचेत. बचत गटातून शेकडा दोन रुपये महिना दराने उचलले, तर महिन्याला १,६०० रुपये व्याज. तुमची तपासणी, मंजुरी, बैठक, सही यात सहा महिने गेले तर ९,६०० रुपये व्याजातच गेले. शिवाय गट तिला एका दमात ८० हजार देणारच नाही, मग उरलेल्यासाठी मायक्रोफायनान्स नाहीतर सावकार. त्यात तालुक्याच्या चकरा, प्रत्येक चकरेला बुडालेली मजुरी, झेरॉक्स, सेतू केंद्रावरचा खर्च. एवढं करून तपासणीला आलेल्या साहेबाने बिलात खोट काढली तर? ही ‘तर’ तिने इतरांच्या बाबतीत पाहिलेली असते. आता ज्याच्या खात्यात ८० हजार आधीच पडून आहेत त्याचा हिशेब करा. त्याला ही योजना म्हणजे निव्वळ सवलत. तुमच्या यादीत तोच दिसतोय. निवड समिती बसण्याआधीच तुमच्या अटींनी निवड उरकून टाकली आहे.

ही चाल तुमच्या विश्वस्तांनी काढलेली नाही, सरकारी योजनांतूनच ती सगळीकडे गेली. ठिबक सिंचनाला राज्यात अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी ८० टक्के अनुदान आहे, ऐकायला उत्तम. पण पूर्वसंमती आली की संच स्वतः विकत घ्यायचा, बसवायचा, बिल अपलोड करायचं, शेतावर येऊन होणारी मोका तपासणी होऊ द्यायची आणि मग खात्यात पैसे येण्याची वाट बघायची. ज्याच्याकडे वाट बघण्याइतका पैसा आहे त्याचं शेत भिजतं.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत २०२० साली सुरू झालेली पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना बारकाईने बघा. तिच्यातून काय घ्यावं आणि काय टाळावं, दोन्ही शिकायला मिळतं. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. किमान १० टक्के स्वहिस्सा, बाकी कर्ज. आणि अनुदानाची रक्कम बाईच्या हातात येत नाही, ती बँकेत तिच्या नावाने बाजूला ठेवली जाते आणि कर्जखातं तीन वर्षं नियमित राहिलं तर कर्जात वळती होते. ३ लाखांच्या युनिटला १ लाख ५ हजार अनुदान, पण त्यासाठी आधी बँकेने दार उघडायला हवं. नवऱ्याचं पीककर्ज थकलेलं असेल, मायक्रोफायनान्सचा एखादा हप्ता चुकून कर्जफेडीचा सिबिल गुणांक बिघडलेला असेल, तर ३५ टक्के असो की ६०, तिच्यासाठी आकडा शून्यच.

त्याच योजनेत एक कलम मात्र फार शहाणं आहे. बचत गटातल्या अन्न प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्येमागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल मिळतं, खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठी. ते गटांच्या फेडरेशनमार्फत (संघामार्फत) येतं आणि तिथे आधी खर्च करून बिलं दाखवण्याचा खेळ नाही. तुमचा कार्यक्रम या कलमासारखा करा, ३५ टक्क्यांच्या कलमासारखा नको.

म्हणजे नेमकं काय? विश्वस्तांना आगाऊ पैसे द्यायला भीती वाटते, ती मी समजू शकतो. मग यंत्राचे पैसे थेट विक्रेत्याला द्या. बाईने यंत्र निवडायचं, संस्थेने दुकानाच्या खात्यात भरायचे, पावती तिच्या नावाने. तिच्या हातात रोख जात नाही आणि तिला कर्जही काढावं लागत नाही. बियाणं, कच्चा माल, पॅकिंग असा फुटकळ खर्च असेल तर पहिला हप्ता आधी आणि दुसरा प्रत्यक्ष काम बघून. पहिला हप्ता निम्म्याहून मोठा ठेवा. दहा टक्के आगाऊ देऊन ‘आम्ही आगाऊ देतो’ म्हणणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. स्वहिस्सा ठेवायचाच असेल तर तिची जागा, तिची मेहनत, तिच्याकडची भांडी आणि तिच्या शेतातला माल मोजा.

एवढं एक केलंत तरी निम्मं काम झालं. बाकीचं कागदांचं.

सातबारा का मागता, हा प्रश्न बैठकीत सरळ विचारा. शेततळ्याला किंवा विहिरीला पैसे देत असाल तर जमीन कोणाची हे बघायलाच हवं. पण शेवयांच्या यंत्राला, मसाला दळायच्या पल्व्हरायझरला, धान्याच्या कोठीला सातबारा कशाला? देशात वहितीच्या खातेदारांत बायकांचं प्रमाण २०१५-१६ च्या कृषी गणनेत जेमतेम १४ टक्के होतं. सातबारा मागितला की बहुतेक बायका दारातच थांबल्या. नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना राज्यात १९९२ पासून आहे, तिचा लाभ जरूर मिळवून द्या. पण ते वेगळं काम आहे, त्यावर यंत्र अडवू नका. बटईदाराचं नाव तर कुठेच नसतं. बटई तोंडी, आणि ती कागदावर आणायला मालक तयार नसतो, कुळ लागण्याच्या, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल या भीतीने. त्याच्याकडून करारपत्र मागणं म्हणजे त्याला घरी पाठवणं. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी आणि पोलीस पाटलांनी ‘हा अमुक शेत तीन वर्षं करतोय’ म्हणून सही दिली की तुमच्या रकमेला तेवढं पुरावं.

कोलाम पोडावर गेलात तर वनहक्काचा पट्टा विचारा. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असतो, म्हणजे तिथे बाईचं नाव कागदावर सापडण्याची शक्यता सातबाऱ्यापेक्षा जास्त. पण ऑनलाइन अर्जात ‘गट क्रमांक’ हा रकाना सक्तीचा ठेवलात आणि पट्ट्यावर वनखात्याचा कंपार्टमेंट क्रमांक असला, की अर्ज पुढे सरकतच नाही. तुमचा अर्ज एकदा अशा पट्ट्यावरून स्वतः भरून पाहा. नावांचंही तेच. आधारवर एक, पासबुकावर माहेरचं, रेशनकार्डावर सासऱ्याच्या नावाचा घोळ. ही फसवणूक नव्हे, आपल्याकडच्या बायकांच्या आयुष्यात नावं अशीच बदलत जातात. राज्य सरकारने २०१५ मध्येच अनेक सेवांसाठी प्रतिज्ञापत्राची अट काढून स्वयंघोषणापत्र पुरेसं मानलं. सरकारला जे चालतं ते तुमच्या संस्थेला का चालू नये?

माझ्या मते तुम्हाला लागतं ते इतकंच: आधार, बँक खातं आणि ती सध्या काय करते याचा डोळ्यांनी बघितलेला पुरावा. उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योगाची) नोंदणी आणि अन्न सुरक्षेची नोंदणी हव्याच, पण अर्जाच्या वेळी नकोत, मंजुरीनंतर तुम्ही स्वतः करून द्या. उद्यम नोंदणीला एक पैसा लागत नाही. लहान खाद्य व्यवसायाच्या अन्न सुरक्षा नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये. तालुक्याला हीच कामं करून देण्याचे हजारो रुपये घेतले जातात आणि लोक देतात, कारण खरी फी कोणी सांगितलेलीच नसते. तुमच्या कार्यालयाच्या भिंतीवर एवढे दोन आकडे मोठ्या अक्षरात लावलेत, तरी काहींचं पोट दुखेल.

प्रकल्प अहवाल काढून टाका. एक लाखाच्या आतल्या कामाला तो कशाला? तुम्हाला अर्जांत तीच वाक्यं दिसली ती या अहवालामुळेच. जे बाईला लिहिता येत नाही ते तुम्ही मागता, म्हणून लिहून देणारा उभा राहतो, आणि तो टक्केवारी घेतो. त्याऐवजी तुमच्या माणसाने तिच्या ओट्यावर बसून विचारावं आणि स्वतः लिहावं. आता काय बनवता, कोण घेतं, किती उरतं, कुठे अडतं? पाचवा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: हेच पैसे तुमचे स्वतःचे असते तर कशावर घातले असते? पुष्कळदा उत्तर यंत्र नसतंच. कोणी म्हणेल पत्रे, पावसाळ्यात माल भिजतो म्हणून. कोणी म्हणेल थ्री-फेज जोडणी. कोणी म्हणेल हंगामात तूर भरून ठेवायला पैसा, म्हणजे डाळ पुढे वर्षभर विकता येईल. यंत्रालाच अनुदान असलं की लोक यंत्रच मागतात, आणि मग ते ताडपत्रीखाली पडून राहतं. त्याला ‘लाभार्थ्यांची उदासीनता’ असं नाव अहवालात देतात. तुमच्या यादीत पत्रे, वीजजोडणी आणि कच्चा माल बसू द्या.

तीन कोटेशनचं काय? ३० हजारांखाली ती अट सोडा. तिन्ही कोटेशनं एकाच दुकानातून येतात, हे तुमच्या लेखापरीक्षकालाही ठाऊक आहे. त्यापेक्षा त्या वस्तूचा चालू भाव तुम्ही स्वतः दोन ठिकाणी फोन करून नोंदवा. आणि जीएसटी बिलाचा हट्ट सगळीकडे धरू नका. गावातला लोहार किंवा फॅब्रिकेशनवाला शेगडी, वाळवणाचा सांगाडा, कोठी स्वस्तात आणि दुरुस्तीच्या हमीसकट करून देतो. त्याच्याकडे जीएसटी नाही म्हणून बाईला लांबच्या डीलरकडे पाठवलं, तर किंमत चढते आणि बिघाड झाल्यावर तो फोन उचलत नाही.

आता अर्ज भरून घेणारा माणूस कोण, याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चांगल्या योजनाही घसरतात. वर सांगितलेल्या केंद्राच्या अन्न प्रक्रिया योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमतात. अर्ज भरणं, अहवाल करणं, बँकेत पाठपुरावा, सगळं त्यांनी करायचं आणि त्याचा मोबदला सरकार देतं: मंजूर प्रकरणामागे २० हजार रुपये, अर्धे कर्जमंजुरीनंतर, अर्धे पुढच्या नोंदण्या वगैरे पूर्ण झाल्यावर. अर्जदाराने त्यांना काही द्यायचं नसतं. कल्पना उत्तम. पण मंजुरीवरच पैसे मिळत असतील तर तो माणूस कोणाकडे जाईल? तुम्ही-मी असतो तरी तालुक्यातल्या ज्याचं सिबिल स्वच्छ आहे, ज्याच्याकडे जागा आहे, ज्याचं बँकेत खातं जुनं आहे त्याच्याकडेच गेलो असतो. पोडावरच्या प्रकरणाला चार चकरा आणि शेवटी नकार, म्हणजे पदरचं पेट्रोल. यात त्याचा लोभ नाही, मोबदल्याची रचनाच त्याला शहराकडे ढकलते.

तुम्ही उलट करा. मदतनीसाला महिन्याचं मानधन द्या आणि वर काही द्यायचंच असेल तर ते भेट दिलेल्या वस्तीवर आणि नीट भरलेल्या अर्जावर द्या, मग तो मंजूर होवो न होवो. माणूस बाहेरून आणू नका. राज्याच्या उमेद अभियानातल्या सीआरपी ताई (गावातल्याच बचत गट कार्यकर्त्या) आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) सहयोगिनी ही कामं वर्षानुवर्षं करत आल्या आहेत, गटांची पुस्तकं त्यांनीच लिहिली आहेत. त्यांना या कामाचे वेगळे पैसे द्या. सामाजिक काम म्हणून फुकट करून घेऊ नका. पोडासाठी कोलामी बोलणारी मुलगी किंवा मुलगा हवाच. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तिथली म्हातारी मान डोलावते आणि आपण ‘होकार’ लिहून घेतो.

निवड गावाने करावी असं कोणी सुचवेल. अर्धवट मान्य करा. नुसत्या ग्रामसभेवर सोडलंत तर सरपंचाच्या बाजूची आळी आधी येते. नावं ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाकडून घ्या, पोड आणि वस्त्यांसाठी काही जागा वेगळ्या राखा, आणि निवडलेली यादी रकमेसकट चावडीवर वाचून दाखवा. ज्यांना नाही म्हटलं त्यांना कारण सांगा, तोंडी आणि साध्या भाषेत. आणि ‘पहिला येईल त्याला’ ही पद्धत ठेवू नका. महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन अर्ज-पोर्टलवर कृषी योजनांची निवड २०२५ पासून सोडतीऐवजी अर्जाच्या क्रमाने होऊ लागली. दलाली कमी व्हावी हा हेतू असेलही, पण ज्या गावात रेंज टेकडीवर चढल्यावर मिळते तिथला माणूस पहिला कधी येणार? महिनाभर अर्ज घ्या, मग एकदम बघा.

महिना कोणता, हेही ठरवा. मृगाच्या पेरणीत, सोयाबीन काढणीत, कापूस वेचणीच्या भरात अर्ज मागवलेत तर येतात ते शेत न करणारे. तुमच्या भागात पेरणीआधीचा एप्रिल-मे बरा, आणि ऑगस्टच्या शेवटी डवरणी-निंदण सरल्यावर थोडी उसंत असते. पण मोहफुलाच्या दिवसांत पोडावर जाऊ नका, सकाळी घरात कोणी भेटायचं नाही. वाळवणाची यंत्रं फेब्रुवारीआधी पोचायला हवीत. मे महिन्यात मंजूर झालेलं शेवयाचं यंत्र म्हणजे वर्ष वाया.

आणि इथेच तुमचा ३१ मार्च आडवा येतो. त्यावर उपाय आहे, आणि तो कंपनीच्या सीएसआर समितीकडून करून घ्यायचा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये २०२१ पासून ‘चालू प्रकल्प’ ही सोय स्पष्ट झाली आहे. कार्यक्रम सुरू झाला ते वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो. वर्षाअखेर न खर्चलेली रक्कम कंपनीने ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवायची आणि पुढच्या वर्षांत त्याच प्रकल्पावर खर्चायची. मात्र तो चालू प्रकल्प आहे हे कंपनीच्या संचालक मंडळाने तसं मंजूर केलेलं असावं लागतं, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आठवून उपयोग नाही. तुमच्या कंपनीच्या सचिवांना हे नक्की माहीत असेल, त्यांना आजच पत्र टाका. मार्च गाठण्याच्या घाईतच पैसा कागद तयार असलेल्यांकडे जातो.

राहिली पैसे बुडण्याची भीती. थोडे बुडतील. एखादीचं यंत्र चालणार नाही, एखादा बटईदार गाव सोडून जाईल. विश्वस्तांनी हे आधीच गृहीत धरावं आणि तसं लिहून ठेवावं, म्हणजे वर्षाअखेर तुमच्यावर खापर फुटणार नाही. पण जास्त कागदांनी ठगी थांबते, हे मला पटत नाही. लबाडाचे कागद नेहमीच पूर्ण असतात, तो त्याचा धंदाच असतो. अडतो तो ज्याच्या पासबुकावरचं नाव जुळत नाही तो. राखण करायचीच असेल तर भेटींनी करा. मंजुरीआधी एक भेट, यंत्र आल्यावर महिन्याभरात एक, हंगामात एक. शेजारच्या किराणा दुकानात विचारा, या बाईंचा माल घेता का? तिथे दोन मिनिटांत जे कळतं ते प्रकल्प अहवालाच्या वीस पानांत नसतं.

पुढच्या बैठकीत सगळ्या अटी एकदम मोडायला जाऊ नका, विश्वस्त बिचकतील. निधीचा एक तुकडा मागून घ्या, तिसरा हिस्सा म्हणा, आणि तो दोन-तीन वस्त्यांत या पद्धतीने द्यायची परवानगी घ्या. उरलेला त्यांच्या अटींनी चालू दे. दोन्ही याद्या पुढच्या वर्षी शेजारी शेजारी ठेवता येतील. एखाद्या विश्वस्ताला पहिल्याच भेटीला गाडीत घालून घेऊन जा, शक्यतो जे सगळ्यात जास्त कागद मागतात त्यांना.

पुन्हा जाहिरात द्यावी का, तर नको. वर्तमानपत्राच्या त्या रकमेत एका सीआरपी ताईचं काही महिन्यांचं मानधन आणि एसटीचं भाडं सुटतं.